जमीन वाजवून पाहणारे

जुन्या काळी सराफ्यात रुपया हाती आला की वाजवून घेत. नाणे न कापता, नुसत्या नादावरून खरे-खोटे कळे. जमिनीची पारखही काहीशी अशीच होते. ती वाजवायला मात्र भूकंप लागतो, आणि तो हजारो मैलांवरचाही चालतो.

1889 मध्ये जपानातल्या भूकंपाची नोंद जर्मनीतल्या उपकरणावर उमटली. पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या ओल्डहॅम यांनी 12 जून 1897 च्या आसाम भूकंपाच्या नोंदी तपासल्या आणि प्राथमिक, दुय्यम व पृष्ठभागावरच्या लहरी वेगवेगळ्या ओळखल्या. 1909 मध्ये मोहोरोविचिच यांना अशाच लहरींवरून भूकवचाचा तळ सापडला. दूरच्या भूकंपाची प्राथमिक लहर खालून वर येताना या तळाशी तिचा काही अंश दुय्यम लहरीत बदलतो. ही लहर धीमी, म्हणून काही सेकंद मागाहून पोहोचते. त्या उशिरावरून कवचाची जाडी काढता येते.

आपण इंदूरकरांच्या पायाखाली महाराष्ट्रासारखाच काळा पाषाण आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. हा पाया अढळ, अशी समजूत होती. 11 डिसेंबर 1967 रोजी कोयनेने तिला तडा दिला. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जन करून माणसे झोपली असताना, किल्लारी परिसरात हजारो जीव दगडमातीच्या भिंतींखाली गेले. तिथे पुढे खोल छिद्र घेतले, तेव्हा काळा पाषाण साडेतीनशे मीटरच्या आतच संपला. खाली त्याहून कितीतरी प्राचीन खडक होता.

त्यानंतर द्वीपकल्पात संवेदनशील भूकंपमापक वाढले. दूरच्या भूकंपांच्या नोंदींवरून दख्खनचे कवच बहुतेक ठिकाणी 35 ते 40 किलोमीटर जाड असल्याचे दिसले. 22 मे 1997 च्या जबलपूर भूकंपाचा उगम सुमारे 35 किलोमीटर खोल, म्हणजे जवळजवळ कवचाच्या तळाशी होता. आणि तो झाला नर्मदेच्या पट्ट्यात, जी नर्मदा आपल्या दक्षिणेलाच वाहते.

भूकंप कधी होईल, हे या नोंदी सांगत नाहीत. पण खालची जमीन कशी आहे आणि हादरा तिच्यातून कसा पसरेल, याचा अंदाज देतात. वरची भिंत कशी बांधायची, हे मात्र आपल्या हाती आहे. वाडवडिलांच्या जुन्या घरांवर नवे मजले चढवताना किल्लारी विसरून चालणार नाही.