एका राजावर दुसरा राजा

बाजारात सुटे पैसे मोजताना आपण आकडा पाहतो, नाणे पाहत नाही. एखाद्या नाण्यावर छाप बाजूला सरकलेला असतो, अक्षरे दुहेरी उमटलेली असतात, कधी रंगच निराळा असतो. दुकानदार ते परत करतो. इतिहासाला मात्र अशीच नाणी बोलकी वाटतात.

जुन्नरचा मुलूख जुन्या व्यापारी वाटेवरचा. कोकणातल्या बंदरांचा माल नाणेघाट चढून इथे येई. जुन्नरजवळच्या मानमोडी डोंगरात नहपान राजाचा अमात्य अयम याचा शिलालेख आहे. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला नहपानाची सुमारे १३,२५० चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारला होता: एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह. त्याखालून नहपानाचा चेहरा, त्याची अक्षरे अजून डोकावतात. वरवर पाहणाऱ्याला ही टांकसाळीची चूक वाटेल. ती विजयाची द्वाही होती. जुना राजा पुरता पुसला गेला नाही, म्हणूनच कोणानंतर कोण आले, हे नाणेच सांगते.

शिवनेरीवर जन्मलेल्या शिवछत्रपतींची तांब्याची शिवराई पाहा. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. पण सगळी अक्षरे एका नाण्यावर क्वचितच मिळतात. ठसा मोठा, तांब्याचा तुकडा लहान आणि घाव हाताचा. कडेची अक्षरे बाहेरच राहत. ठसा कोरणाऱ्यागणिक ऱ्हस्वदीर्घही बदले. या चुकांवरूनच अभ्यासक एका ठशाची नाणी दुसऱ्यापासून वेगळी काढतात.

मात्र प्रत्येक विचित्र नाणे टांकसाळीची चूक नसते. रुळावर ठेवून चपटे केलेले नाणे म्हणजे केवळ खोडी. रंगाचेही तसेच. चांदी गंधकाने काळवंडते, तांबे ओल्या मातीत हिरवे होते. हा थर नाण्याचे वय आणि मुक्काम सांगतो. आपण ते चिंचेने, राखेने घासून लखलखीत करतो आणि थरासोबत बारीक अक्षरेही घालवतो. सोनाराच्या मुशीत गेले, तर काहीच उरत नाही.

म्हणून विनंती. कुकडी-घोडच्या काठी नांगराला जुनी नाणी लागली, तर ती धुऊ नका, वाटून घेऊ नका. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. दुर्मिळ नाण्याचे लाखो रुपये देतो म्हणून आधी शुल्क मागणाऱ्यांपासूनही सावध राहा. रिझर्व्ह बँकेने २०२१ साली तसा इशारा दिला होता.

राजांनी एकमेकांची नावे पुसायचा प्रयत्न केला, तरी ती उरली. आपल्या हातून ती पुसली जाऊ नयेत.