हौसेचे मोल

१९६४ सालच्या अखेरीस कुलाब्याच्या एका जहाज-कारखान्यात सागवानाचे एक गलबत तयार झाले. लांबी जेमतेम साडेबत्तीस फूट. बांधणारे सुतार मुंबईचे, हत्यारे त्यांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या असलेली, वाकस-पटाशीच्या जातीची. बांधून घेणारा रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीतला पंचविशीचा तरुण अधिकारी. कंपनीच्या बोटी मुंबईहून इराणच्या आखाताकडे जात, त्यांवर त्याची नोकरी. नोकरीतल्या मित्रांना बरोबर घेऊन, पदरमोड करून बांधलेले हे गलबत. नाव ठेवले ‘सुहैली’. आखातातले अरब खलाशी आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला या नावाने ओळखतात. या नावातला सुहैल म्हणजे आपला अगस्तीचा तारा. ज्याने समुद्र पिऊन टाकला, त्याचीच सावली या नावावर पडावी हा योगायोग असेल, पण तो मला आवडतो.

नकाशाही मनासारखा नव्हता. मागवला होता एक, हाती आला दुसरा, १९२० च्या दशकातला ‘एरिक’ नावाचा जुना आराखडा. त्याचे मूळ नॉर्वेच्या किनाऱ्यावर वादळात सापडलेल्या कोळ्यांना सोडवायला जाणाऱ्या बचाव-नौकांत होते. म्हणजे गलबत जाड, बुटके, दोन डोलकाठ्यांचे आणि मंद. शर्यतीच्या दृष्टीने ते बैलगाडीच होते. पण बैलगाडी सहसा उलटत नाही. मुंबईच्या सागवानाचे म्हणाल, तर वाडियांच्या हाताखाली १८१७ मध्ये इथेच बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका आजही इंग्लंडात हार्टलपूलच्या गोदीत तरंगते आहे.

‘सुहैली’ मुंबईहून दक्षिण आफ्रिकेमार्गे इंग्लंडला पोचली. पुढे नॉक्स-जॉन्स्टनला हवी होती नवी, मोठी, पोलादी नौका. त्यासाठी तो पैसे देणारा शोधत फिरला, कोणी भेटला नाही. ‘सुहैली’ विकून पाहिली, गिऱ्हाईक आले नाही. शेवटी जी होती तीच घेऊन जायचे ठरले. इतिहासातली ही निवड अडचणीतून झालेली आहे, आणि पुढचे सारे त्या अडचणीवरच उभे आहे.

जायचे होते कुठे? एकट्याने, वाटेत कुठेही न थांबता, पृथ्वीला शिडाच्या नौकेतून प्रदक्षिणा घालायला. एकट्याने प्रदक्षिणा जोशुआ स्लोकमने १८९५ ते १८९८ या काळात ‘स्प्रे’मधून घातली होती, पण बंदरोबंदरी थांबत. फ्रान्सिस चिचेस्टर १९६६-६७ मध्ये फक्त सिडनीला थांबला आणि परतला तेव्हा इंग्लंडने त्याला डोक्यावर घेतले. राणीने त्याला ‘सर’ केले. उरले होते ते न थांबता जाणे. अनेकांच्या मनात ते एकाच वेळी घोळू लागले. लंडनच्या ‘संडे टाइम्स’ने ही संधी हेरली आणि मार्च १९६८ मध्ये शर्यत जाहीर केली. पहिला परतणाऱ्याला ‘गोल्डन ग्लोब’ हा चषक, सर्वांत कमी दिवसांत फेरी पुरी करणाऱ्याला ५,००० पौंड.

या शर्यतीच्या नियमांत एक चलाख गोष्ट होती. नाव नोंदवायची गरज नव्हती, पात्रतेची परीक्षा नव्हती. १ जून ते ३१ ऑक्टोबर १९६८ या काळात निघालेला कोणीही आपोआप स्पर्धक. वर्तमानपत्राला हे सोयीचे होते, कारण कोणी म्हणाले की मला शर्यतीत पडायचे नाही, तरी तो शर्यतीत होताच. बर्नार मॉइतेसिए या फ्रेंच नाविकाला बक्षिसाची लालूच नकोशी वाटत होती, पण त्याच्याही नावाला शर्यत चिकटली. दुसरीकडे, परीक्षाच नसल्यामुळे चे ब्लाइथसारखा शिडाचा अनुभव नसलेला माजी सैनिकही नौका घेऊन निघू शकला. नऊ जण निघाले. त्यांतला बराच भाग हौशी मंडळींचा.

‘हौशी’ हा शब्द मराठीत आपण रंगभूमीवर पक्का बसवला आहे. हौशी नाटक म्हणजे ज्यातून पोट भरत नाही, उलट पदरचेच जाते. हौसेला मोल नाही असे आपण म्हणतो तेव्हा खर्च मोजायचा नसतो असा अर्थ असतो. पण कोणीतरी तो मोजतोच. समुद्रावरच्या या नाटकात कोणी काय मोजले, हे पाहण्यासारखे आहे.

नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ रोजी फालमथहून निघाला. थोड्याच आठवड्यांत अटलांटिकमध्ये कण्याजवळच्या सांधीतून पाणी येऊ लागले. समुद्राच्या मध्यावर, गलबत थांबवून, तो हातोडा आणि कापूस घेऊन पाण्यात उतरला आणि पाण्याखाली श्वास रोखून सांधी बुजवू लागला. भोवती शार्क घिरट्या घालू लागला तेव्हा वर येऊन त्याने तो बंदुकीने मारला आणि मग पुन्हा खाली गेला. आफ्रिकेच्या टोकाच्या दक्षिणेला एका लाटेने गलबत पार आडवे केले, केबिनचा माथा जागचा हलला. टाक्यांतले पाणी नासले, तेव्हा शिडावरून ओघळणारे पावसाचे पाणी धरून ठेवायचे. रेडिओ बंद पडला. वाऱ्याच्या दिशेवर आपोआप सुकाणू धरणारे यंत्र मोडले, आणि अर्धी पृथ्वी पुढे होती. नोव्हेंबरात न्यूझीलंडच्या किनाऱ्याजवळ तो लोकांना दिसला. त्यानंतर जवळजवळ साडेचार महिने काहीच नाही. एप्रिलमध्ये अझोर्स बेटांजवळ एका तेलवाहू जहाजाला तो दिसला तेव्हा कुठे घरच्यांना कळले की पोरगा आहे.

२२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, तो फालमथला परतला. कस्टमचे अधिकारी रिवाजाप्रमाणे वर चढले आणि त्यांनी विचारले, कुठून आलात? तो म्हणाला, फालमथहून. शर्यतीआधी आणि नंतर मनोविकारतज्ज्ञाने त्याला तपासले होते. दोन्ही वेळा निष्कर्ष एकच निघाला, की हा माणूस चिंता वाटावी इतका सामान्य आहे.

बाकीच्यांपैकी रिजवे, ब्लाइथ, किंग, फुजरों आणि कारोझो हे पाच जण वेगवेगळ्या टप्प्यांवर बाहेर पडले. मॉइतेसिए सर्वांत वेगवान होता. कदाचित तोच जिंकला असता. पण हॉर्नचे टोक वळून अटलांटिकमध्ये आल्यावर त्याने घरचा रस्ता सोडला. मार्च १९६९ मध्ये केपटाउनजवळ एका जहाजावर गलोलीने निरोप फेकला, की मी परत येत नाही, समुद्रावर सुखी आहे. मग पुन्हा पूर्वेला वळून तो थेट ताहितीला गेला. या माणसावर पुस्तके लिहिली गेली, त्याला ऋषी मानणारे आहेत. मला स्वतःला त्याच्यापेक्षा किनाऱ्यावर वाट पाहत राहिलेल्या त्याच्या बायकोचा विचार जास्त येतो.

आता उरला डोनाल्ड क्रोहर्स्ट. ‘सुहैली’ मुंबईची, तर हा गाझियाबादचा. जन्म १९३२. वडील इथल्या रेल्वेत, आई शिक्षिका. १९४७ मध्ये कुटुंब इंग्लंडला गेले. वडिलांनी आयुष्याची पुंजी इथल्या एका खेळाच्या सामानाच्या कारखान्यात गुंतवली होती, तो फाळणीच्या दंगलींत जळाला. पुढच्याच वर्षी वडील गेले आणि पैशांअभावी मुलाला शाळा लवकर सोडावी लागली. फाळणीच्या आगीची झळ कुठवर गेली याचा हिशोब आपण पंजाब आणि बंगालपुरता मांडतो. तिची एक ठिणगी इंग्लंडातल्या एका पोराच्या मनात राहिली असावी असे मला वाटते. घर बसलेले पाहिलेल्या माणसाला पुन्हा घर बसण्याची भीती काय असते, हे आपल्याकडे समजावून सांगावे लागत नाही.

क्रोहर्स्ट हुशार विद्युत अभियंता होता. दिशा शोधायचे एक रेडिओ-यंत्र बनवून विकायचा, पण धंदा डबघाईला आलेला. शर्यत जिंकली तर यंत्राची जाहिरात होईल, असा त्याचा हिशोब. एका भांडवलदाराने पैसे दिले, पण अटीवर. फेरी अर्धवट सोडली, तर क्रोहर्स्टने नौका विकत घ्यायची. त्यासाठी घर आणि धंदा दोन्ही तारण. घरी बायको आणि चार मुले. ‘टेनमथ इलेक्ट्रॉन’ ही तीन सांगाड्यांची नौका घाईघाईत बांधली गेली, आणि ३१ ऑक्टोबर या शेवटच्या दिवशी तो निघाला तेव्हा तिचे काम अपुरे होते. नौका उलटल्यास तिला सावरणारे त्याचे स्वतःचे यंत्र जोडलेलेच नव्हते. पंधरवड्यातच त्याला कळून चुकले होते, की ही नौका दक्षिण महासागरात टिकणार नाही.

पुढे गेलो तर बुडणार, मागे फिरलो तर घर जाणार. त्याने तिसरी वाट काढली. अटलांटिकमध्येच थांबायचे आणि पृथ्वीप्रदक्षिणा कागदावर करायची. डिसेंबरात त्याने एका दिवसात २४३ मैल कापल्याची तार पाठवली. वर्तमानपत्रांनी ती मोठ्या हौसेने छापली. शर्यतीच्या पंचांचा प्रमुख असलेल्या चिचेस्टरला मात्र संशय आला.

हे खोटे किती कष्टाचे होते, ते पाहायला हवे. तेव्हा अशा नाविकांना उपग्रहांवरून जागा कळण्याची सोय नव्हती. समुद्रावर आपण कुठे आहोत ते षष्ठमापकाने सूर्याची उंची मोजून, ग्रिनिचची वेळ पाहून आणि नाविकांच्या पंचांगातली कोष्टके लावून काढायचे. खऱ्या प्रवासात निरीक्षण आधी, उत्तर नंतर. खोट्या प्रवासात उत्तर आधी ठरवायचे, आणि त्या जागेवरून त्या क्षणी सूर्य किती उंच दिसला असता ते उलटे गणित करून काढायचे. तेही रोज. शिवाय तिथले हवामान काय होते ते रेडिओवरून टिपून नोंदीत बसवायचे. खऱ्या नोंदींची वही वेगळी. गणिताची इतकी चांगली जाण असलेला माणूस ती जाण एका खोट्या सूर्यासाठी खर्च करत बसला. जानेवारीच्या मध्यापासून त्याने रेडिओ बंद ठेवला. मार्चमध्ये तो दुरुस्तीसाठी अर्जेंटिनाच्या किनाऱ्याला गुपचूप लागला. नियमाने शर्यत तिथेच संपत होती, पण कोणाला पत्ता नव्हता. एप्रिलमध्ये तो पुन्हा रेडिओवर आला, जणू काही हॉर्नचे टोक ओलांडून परतत आहे.

त्याचा बेत जिंकायचा नव्हता. शेवटून पहिले यावे, म्हणजे अब्रूही राहील आणि वहीही कोणी तपासणार नाही. पण त्याच्या पुढे नायजेल टेटली होता, तोही तीन सांगाड्यांच्या नौकेत, आणि त्याची फेरी खरी होती. क्रोहर्स्ट मागून जोरात येतो आहे या बातमीने टेटलीने आपली खिळखिळी झालेली नौका रेटली. मेमध्ये अझोर्सजवळ ती फुटली आणि बुडाली. टेटलीला वाचवले गेले. एका खोट्या बातमीने एक खरी प्रदक्षिणा घराच्या उंबऱ्यावर बुडवली. आणि आता कमी वेळाचे बक्षीस क्रोहर्स्टच्याच गळ्यात पडणार होते. बंदरात स्वागताची तयारी सुरू झाली होती. जिंकणाऱ्याची वही तर सगळेच पाहणार.

जूनच्या शेवटच्या दिवसांत त्याने वहीत हजारो शब्द लिहिले. त्यांत विश्व, काळ आणि देवत्वाला पोचलेले मन याबद्दलचे भरकटलेले विवेचन आहे. शेवटची नोंद १ जुलै १९६९ ची. १० जुलैला ‘पिकार्डी’ या डाकजहाजाला नौका रिकामी सापडली. खऱ्या नोंदी जागेवर होत्या, माणूस नव्हता. फसवायचे असते तर खरी वही आधी समुद्रात गेली असती.

फेरी पुरी करणारा एकटाच उरल्याने चषक आणि ५,००० पौंड दोन्ही नॉक्स-जॉन्स्टनकडे आले. पैसे त्याने क्रोहर्स्टच्या बायको-मुलांना दिले, आणि बनाव उघडकीला आल्यावरही त्याच्याबद्दल कडू बोलला नाही. ज्याला स्वतःच्या नौकेसाठी दारोदार फिरूनही पैसे मिळाले नव्हते, त्याने हे केले.

आपल्याकडे हा खेळ यायला चाळीस वर्षे लागली, आणि आला तो हौशी मार्गाने नव्हे, गणवेशातून. निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी कल्पनेचा पाठपुरावा केला, नौदलाने खर्च उचलला, गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ बांधली गेली. कमांडर दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून एकटे निघाले आणि चार बंदरे घेऊन मे २०१० मध्ये परतले. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ ला त्याच ‘म्हादेई’तून निघाले आणि कुठेही न थांबता ३१ मार्च २०१३ ला मुंबईत आले. पगार चालू, नौका सरकारी, यामुळे त्यांचे धाडस उणे होत नाही. पण घर गहाण टाकून निघणारा भारतीय अजून आपल्याला माहीत नाही, आणि ते एका अर्थी बरेच आहे.

२०१८ मध्ये जुनी शर्यत पुन्हा भरवली गेली, १९६८ च्याच साधनांवर, षष्ठमापक आणि कागदी नकाशे घेऊन. टॉमींची ‘थुरिया’ ही ‘सुहैली’ची प्रतिकृती होती, आणि तीही दांडेकरांकडेच बांधलेली. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळाने तिच्या डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीच्या कण्याला इजा झाली. ते बंकवर पडून राहिले. आयर्लंडचा ग्रेगोर मॅकगकिन आपली स्वतःची डोलकाठी गमावलेली नौका घेऊन त्यांच्याकडे निघाला. नौदलाच्या विमानाने त्यांचा ठाव घेतला, आणि तिसऱ्या दिवशी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले. चार वर्षांनी, नौदलाची नोकरी सोडल्यावर, प्रायोजकाच्या पैशांवर ‘बायानात’ ही दुसरी नौका घेऊन ते पुन्हा त्याच शर्यतीत उतरले. या वेळीही आपोआप सुकाणू धरणारे यंत्र मोडले. भाग संपले, तेव्हा त्यांनी संडासाचे दार कापून त्याची फळी बनवली. २९ एप्रिल २०२३ रोजी ते फ्रान्सच्या किनाऱ्याला दुसरे आले.