एक्सेलमधील यादी बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये टाकण्यापूर्वी काय तपासावे?

नागपूरच्या इतवारी किंवा कळमना बाजारातील एखादा व्यापारी माल आणि ग्राहकांची यादी वर्षानुवर्षे एक्सेलमध्ये ठेवतो. पुढे टॅलीसारखे सॉफ्टवेअर घेतल्यावर ती पुन्हा टाइप न करता थेट इम्पोर्ट करता येते. मात्र यादीतील चूकही सोबत आत जाते आणि बिल, उधारी व जीएसटी विवरणपत्रापर्यंत पोहोचते.

शून्य कुठे गेले?
संत्र्याचा एचएसएन कोड ०८०५, मिरचीचा ०९०४, हळदीचा ०९१०. एक्सेल यांना संख्या समजते आणि सुरुवातीचे शून्य काढून टाकते; उरते ८०५. बँक खाते क्रमांकाचे नुकसान याहून मोठे. एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच जपते, त्यापुढच्या अंकांच्या जागी शून्य येते आणि मूळ अंक परत मिळत नाहीत. म्हणून असे रकाने माहिती भरण्यापूर्वीच ‘टेक्स्ट’ प्रकारात ठेवावेत.

तारीख
०३/०४/२०२५ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल. संगणकाची सेटिंग अमेरिकी असेल तर ती ४ मार्च होते, म्हणजे व्यवहार थेट मागच्या आर्थिक वर्षात जातो. संपूर्ण रकान्यात तारखेची एकच पद्धत असावी.

जीएसटी क्रमांक
हा १५ अक्षरी असतो. पहिले दोन अंक राज्याचे: महाराष्ट्र २७, मध्य प्रदेश २३, छत्तीसगड २२. पुढची दहा अक्षरे पॅनची. शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’ पडणे ही नेहमीची चूक. विक्रेत्याने चुकीच्या क्रमांकावर बिल दाखवले, तर खरेदीदाराला त्या बिलाचे इनपुट टॅक्स क्रेडिट दिसत नाही.

एकच वस्तू, तीन नावे
‘लाल मिरची’, ‘मिरची लाल’ आणि शेवटी एक स्पेस जास्त असलेली ‘लाल मिरची ’ या सॉफ्टवेअरसाठी तीन वेगळ्या वस्तू आहेत. साठा तिघांत विभागला जातो. जादा स्पेस ‘ट्रिम’ सूत्राने काढाव्यात, मग नावे एकसारखी करावीत.

यादीची मांडणी
- सर्वांत वर रकान्यांच्या नावांची एकच ओळ. दुकानाचे नाव, रिकाम्या ओळी, मधल्या बेरजा आणि ‘मर्ज’ केलेले सेल काढून टाकावेत.
- रकमेच्या सेलमध्ये फक्त आकडा. ‘नावे’ की ‘जमा’ हे वेगळ्या रकान्यात.
- मराठी नावे असतील तर फाइल ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ प्रकारात सेव्ह करावी, नाहीतर अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हे येतात.
- सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये पुन्हा उघडून सेव्ह केल्यास शून्ये पुन्हा जाऊ शकतात. ती नोटपॅडमध्ये तपासावी.

सगळ्या ओळी आत गेल्या का?
२०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोरोनाच्या सुमारे १६ हजार रुग्णांच्या नोंदी वेळेत पुढे गेल्या नाहीत. एक्सेलच्या जुन्या फाइल प्रकारात ६५,५३६ ओळीच मावतात, बाकीच्या गळाल्या. दुकानाची यादी एवढी मोठी नसते, पण तपासणी तीच: इम्पोर्टपूर्वीच्या आणि नंतरच्या ओळी मोजाव्यात, येणे-देण्याची बेरीज जुळवावी.

सुरुवातीला सॉफ्टवेअरचा बॅकअप घ्यावा. मग दहाच ओळी इम्पोर्ट करून पाहाव्यात आणि त्यांवरून एक बिल काढावे. ते बिनचूक निघाले, तरच उरलेली यादी टाकावी.