उष्ण छटा, शीत छटा : व्यक्तिचित्राच्या रंगाचा एक छोटा इतिहास

संपादन हा शब्द आम्ही मराठीचे अध्यापक बहुधा हस्तलिखितांच्या आणि संहितांच्या संदर्भात वापरतो. मूळ पाठ कोणता, प्रक्षिप्त कोणता, लेखनिकाची नजर कुठे चुकली आणि संपादकाने आपली रुची कवीच्या माथी कुठे मारली, हे प्रश्न त्या शब्दाबरोबर आपोआप येतात. गेल्या काही दशकांत हाच शब्द छायाचित्रांच्या व्यवहारात रुळला. मात्र प्रश्न मागेच राहिले. संगणकावर माणसाचा चेहरा उघडायचा, एक पट्टी पिवळ्या बाजूला सरकवली की चेहरा 'उबदार', निळ्या बाजूला सरकवली की 'थंड', आणि डोळ्याला बरे वाटेल तिथे थांबायचे, एवढाच हा व्यवहार दिसतो. पण डोळ्याला बरे वाटणे ही गोष्ट इतिहासातून घडते. व्यक्तिचित्राच्या बाबतीत तो इतिहास जवळजवळ पावणेदोनशे वर्षांचा आहे आणि त्यात सौंदर्यदृष्टीइतकाच रसायनांचा, किमतींचा आणि वर्णविषयक समजुतींचा वाटा आहे.

प्रथम परिभाषेविषयी. रंगांची उष्ण आणि शीत अशी विभागणी चित्रकारांच्या व्यवहारातून आली. गटेने १८१० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या रंगविषयक ग्रंथात पिवळ्याची बाजू धन आणि निळ्याची बाजू ऋण मानली, आणि प्रत्येक रंगाचा मनावर होणारा परिणाम तपशिलाने मांडला. भौतिकशास्त्र मात्र नेमके उलट सांगते. तापवलेला पदार्थ आधी तांबडा, मग पिवळसर, मग पांढरा आणि अखेर निळसर प्रकाश देतो; म्हणजे निळा प्रकाश अधिक तप्त पदार्थाचा. केल्विनच्या मापात मेणबत्तीचा प्रकाश सुमारे १९००, साध्या विजेच्या दिव्याचा २८०० च्या आसपास, तर भर दुपारच्या उन्हाचा सुमारे ५५०० अंशांचा असतो. ज्याला आपण थंड म्हणतो तो रंग उष्णतेच्या मोजपट्टीवर वर बसतो. यावरून एवढे तरी स्पष्ट व्हावे की छायाचित्रातली 'ऊब' हा निसर्गनियम नाही; तो चूल, दिवा आणि सायंकाळ यांच्या सहवासातून तयार झालेला संकेत आहे. असे संकेत संस्कृतीगणिक बदलतात. भरताच्या नाट्यशास्त्रात रसांना वर्ण दिलेले आहेत. तिथे रौद्र रक्तवर्णी आहे, अद्भुत पीत आहे, करुण कपोतवर्णी आहे; आणि शृंगार, म्हणजे सर्वांत हवाहवासा रस, श्याम आहे. जिव्हाळ्याचा रंग पिवळसरच असला पाहिजे, असे आपल्या परंपरेने कधी मानलेले नाही.

आता छायाचित्राकडे वळू. १८३९ साली दगेरच्या पद्धतीची घोषणा झाली. चांदीच्या मुलाम्याच्या तांब्याच्या पत्र्यावर उमटणारी ही प्रतिमा राखी, थंड आणि इतकी नाजूक होती की बोटाच्या स्पर्शानेही पुसली जाई. १८४० मध्ये फिझो या फ्रेंच शास्त्रज्ञाने तिच्यावर सोन्याच्या क्षाराचे द्रावण तापवून वापरण्याची युक्ती काढली. प्रतिमा टिकाऊ झाली, ठळक झाली आणि तिच्यात किंचित ऊबही आली. व्यक्तिचित्रात ऊब आली ती अशी, नाशापासून संरक्षण करणाऱ्या उपायाच्या पाठोपाठ.

पुढे १८५० मध्ये ब्लांकार-एव्रार याने अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला कागद प्रचारात आणला आणि एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध या कागदाने व्यापला. पण कागदावरची छायाचित्रे विटत होती. ही तक्रार इतकी वाढली की १८५५ साली लंडनच्या छायाचित्रण संस्थेने केवळ या विटण्याच्या चौकशीसाठी एक समिती नेमली. सोन्याच्या क्षाराची प्रक्रिया हा तिने सुचवलेल्या उपायांपैकी एक होता. या प्रक्रियेने चित्राला जांभळट तपकिरी छटा येई. त्यानंतर गंधकाच्या क्षारांनी चांदीचे रूपांतर अधिक टिकाऊ अशा तपकिरी संयुगात करण्याची रीत रूढ झाली. तिच्यातून निघणाऱ्या रंगाला आपण आज सेपिया म्हणतो, पण त्याच्याशी सेपियाचा, म्हणजे माकूळ नावाच्या समुद्री जिवाच्या शाईचा, केवळ रंगसाम्यापुरता संबंध आहे.

याला आणखी एक पदर आहे. बलकाचा कागद काळाच्या ओघात पिवळा पडतो. विशेषतः चित्रातले उजळ भाग, म्हणजे कपाळ, गाल, पांढरा अंगरखा, आधी पिवळे होतात. म्हणून पणजोबांच्या छायाचित्रातली जी ऊब आपल्याला स्मृतीची वाटते, तिच्यातला काही भाग छायाचित्रकाराने योजलेला आणि काही भाग निव्वळ डाग असतो. पाठचिकित्सेच्या भाषेत बोलायचे तर संहिता आणि कसर यांना आपण एकत्रच मूळ पाठ समजून बसलो आहोत.

शीत छटेचा इतिहासही असाच वस्तुनिष्ठ कारणांनी घडलेला आहे. १८४२ मध्ये जॉन हर्शेल याने लोहक्षारांवर आधारलेली निळी मुद्रणपद्धती शोधली. ती स्वस्त होती, सोपी होती. वनस्पतींचे ठसे आणि पुढे अभियंत्यांचे आराखडे तिच्यात छापले गेले. मानवी चेहऱ्यासाठी मात्र ती फारशी कोणी पत्करली नाही. निळा चेहरा म्हणजे मृताचा चेहरा, ही भावना त्यामागे असावी. गंमत अशी की खुद्द हर्शेलचे सर्वाधिक गाजलेले व्यक्तिचित्र ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन हिने १८६७ साली टिपले, आणि ते बलकाच्या कागदावर, तपकिरी छटेत आहे. कोलकात्यात जन्मलेल्या या बाईंनी निळ्या मुद्रणाच्या जनकालाही उष्ण छटेतच अजरामर केले.

थंड छटेला प्रतिष्ठा मिळाली ती प्लॅटिनममुळे. विल्यम विलिसने १८७३ मध्ये या पद्धतीचे पेटंट घेतले. तिचे करडे रंग अतिशय मऊ आणि टिकाऊ होते, आणि सोनेरी झाक नसलेले छायाचित्र अधिक संयत, अधिक 'कलात्मक' मानले जाऊ लागले. फ्रेडरिक इव्हान्सने १८९४ च्या सुमारास टिपलेले ऑब्रे बिअर्डस्लेचे व्यक्तिचित्र पाहिले म्हणजे या संयमाची कल्पना येते. परंतु पहिल्या महायुद्धाच्या काळात प्लॅटिनम दुर्मीळ आणि अतिशय महाग झाले, आणि ही छटा बाजारातून जवळजवळ नाहीशी झाली. एखादी अभिरुची धातूच्या दरामुळे संपुष्टात येते, हे साहित्याच्या इतिहासकारानेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

इथवर चर्चा झाली ती कागदाच्या रंगाची. त्वचेच्या रंगाचा प्रश्न याहून नाजूक आहे. सुरुवातीच्या काचा केवळ निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच संवेदनशील होत्या. तांबडा आणि पिवळा त्यांना जवळजवळ दिसतच नसे. जुन्या मराठी घरांतील छायाचित्रांत स्त्रियांच्या कपाळावरचे लाल कुंकू काळे दिसते, ते यामुळे. हाच न्याय त्वचेलाही लागू होता. गव्हाळ किंवा तांबूस वर्ण छायाचित्रात होता त्याहून काळवंडलेला उमटे. १८७३ मध्ये फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाने रंगद्रव्ये मिसळून हिरव्यापर्यंतची संवेदना मिळवली. सर्व रंगांना प्रतिसाद देणाऱ्या काचा १९०६ मध्ये बाजारात आल्या. दरम्यान आपल्याकडच्या स्टुडिओंमधून छायाचित्रावर हाताने रंग भरण्याची कला बहरली होती. संस्थानिकांच्या चित्रांत तर हा लेप इतका दाट असे की खालचे छायाचित्र शोधावे लागते. चितारी यंत्राने केलेला अन्याय दूर करी, दागिन्यांना सोने देई, आणि त्याच कुंचल्याने चेहरा दोन छटा उजळही करी. दुरुस्ती आणि खुशामत यांची सीमारेषा तेव्हाही पुसटच होती.

रंगीत फिल्मने हा प्रश्न सोडवला, अशी समजूत आहे. वस्तुस्थिती अशी की तिने तो प्रमाणीकरणाच्या आड दडवला. विसाव्या शतकाच्या मध्यापासून कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना एक नमुना-कार्ड पुरवीत असे. त्यावर एका गोऱ्या तरुणीचे चित्र असे; पहिल्या तरुणीच्या नावावरून ते 'शर्ली कार्ड' म्हणून ओळखले गेले. तिची त्वचा ठीक उमटली की यंत्र ठीक जुळले, असा नियम. लोर्ना रॉथ या कॅनडातील अभ्यासक बाईंनी २००९ साली या कार्डांचा इतिहास मांडला. गडद तपकिरी रंगांतले बारकावे फिल्मवर यावेत यासाठी चॉकलेट आणि लाकडी सामान यांच्या उत्पादकांच्या तक्रारी कारणीभूत ठरल्या, हे त्यांचे निरीक्षण विषण्ण करणारे आहे. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया एकत्र असलेली कार्डे यायला १९९० चे दशक उजाडावे लागले. रंगीत छपाईचे तंत्र आपल्याकडे बाहेरूनच आले, आणि आपल्या घरांतला प्रकाशही त्याने गृहीत धरलेला नव्हता. त्या काळचा लग्नाचा अल्बम उघडा : ट्यूबलाइटखालचे चेहरे हिरवट, दिव्यांच्या झोतातले पिवळेजर्द.

संगणकीय संपादनाने या सर्व छटा एका पट्टीवर आणून ठेवल्या. २०१० साली इन्स्टाग्राम आले आणि त्याच्या तयार गाळण्यांनी जुन्या रंगीत छायाचित्रांच्या विटण्याचीच नक्कल सुरू केली. ज्या क्षयापासून वाचण्यासाठी एके काळी सोने खर्ची पडले, तो क्षय आता हौसेने लावला जाऊ लागला. दुसरीकडे २०२१ मध्ये गूगलने आपल्या फोनच्या कॅमेऱ्यात सावळ्या आणि काळ्या त्वचेसाठी वेगळे संस्करण आणले, आणि २०२२ मध्ये समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांची दहा वर्णछटांची श्रेणी स्वीकारली. दहा छटा शर्लीच्या एका छटेपेक्षा निश्चित बऱ्या. तथापि गोरापान, केतकी, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा असे भेद बोलता बोलता करणाऱ्या भाषेला दहाचा आकडा फार मोठा वाटू नये. हीच भाषा वधूवरांच्या जाहिरातींत त्या भेदांची उतरंड लावते, हेही विसरता येत नाही.

मग संपादकाने काय करावे? आमच्या मते त्याने दोन गोष्टी अलग ठेवाव्यात. छटा उष्ण करणे आणि चेहरा उजळ करणे या भिन्न क्रिया आहेत. व्यवहारात मात्र पहिलीच्या नावाखाली दुसरी सर्रास उरकली जाते. सावळ्या वर्णात निळसर झाक असते. श्याम या शब्दाने ती शतकानुशतके सांभाळली आहे. प्रत्येक सावळा चेहरा सोनेरी करणे म्हणजे ती झाक प्रक्षिप्त समजून गाळून टाकणे होय. तसेच प्रकाशाचा रंग हाही अर्थाचा भाग असतो. समईच्या उजेडात टिपलेल्या आजीच्या चेहऱ्यावरचा पिवळेपणा हा दोष नव्हे, ती त्या क्षणाची साक्ष आहे. तो पूर्ण काढून टाकणारा संपादक अचूक असूनही खोटा ठरतो. उलट बलकाच्या कागदाचा पिवळेपणा ही कागदाची कहाणी आहे, माणसाची नव्हे.

हा विषय आता केवळ हौशी छायाचित्रकारांपुरता राहिलेला नाही. एकोणिसाव्या शतकातील आपल्या लेखकांची आणि सुधारकांची छायाचित्रे संगणकाकडून रंगवून घेतली जातात आणि तशीच भाषणांच्या फलकांवर, पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर येतात. ज्या त्वचेचा रंग मुळात यंत्राने नोंदवलाच नव्हता, तो यंत्र अनुमानाने भरते, आणि पुढची पिढी तोच खरा मानते. संहितेत अनुमानाने भरलेल्या शब्दाभोवती आपण कंस घालतो आणि मूळ प्रत जपून ठेवतो. छायाचित्राच्या संपादकानेही मूळ धारिका जपावी आणि रंग आपण भरला आहे हे चित्राखाली लिहावे, एवढी अपेक्षा धरण्यात काही अवाजवी आहे, असे आम्हांस वाटत नाही.