मागच्या सीटचा इतिहास : साडीगार्ड, हेल्मेट आणि दहिसर नाका

९ जून २०२२ पासून दहिसर चेकनाका ओलांडून मुंबईत शिरणाऱ्या दुचाकीवर मागे बसलेल्यांच्या डोक्यावरही हेल्मेट आहे का, हे पाहिले जाऊ लागले. वाहतूक पोलिसांनी २५ मे रोजी पंधरा दिवसांची मुदत दिली होती. त्यानंतर पाचशे रुपये दंड आणि तीन महिने परवाना निलंबित. ‘नवा नियम’ म्हणून तो गाजला. प्रत्यक्षात तो तेहतीस वर्षांचा होत आला होता.

१९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ रोजी अमलात आला. त्याचे कलम १२९ चालवणारा आणि मागे बसणारा असा भेद करत नाही. वगळले ते साइडकारमधील प्रवाशाला आणि पगडीधारी शिखांना. राज्यांना मात्र आणखी अपवाद करण्याची मुभा दिली. दिल्लीने ती वापरून स्त्रियांना २०१४ पर्यंत ‘सवलत’ दिली. डोके फुटण्याची सवलत, असेच म्हणायचे!

मग मागची सीट विस्मरणात का गेली? एक कारण हेल्मेटच्या जन्मकथेत सापडते. १९३५ मध्ये ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ मोटारसायकल अपघातात दगावला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी ह्यू केर्न्स या मेंदूशल्यविशारदाने पुढे लष्करी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापती अभ्यासल्या आणि १९४१ मध्ये हेल्मेटच्या बाजूने शोधनिबंध लिहिला. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. सैन्याचे निरोप नेणारा हा स्वार बहुधा एकटाच असे. भारतीय स्कूटरवर मात्र अख्खे कुटुंब बसे, आणि मागे, एका बाजूला पाय सोडून, बहुधा साडीतली स्त्री.

तिचा विचार कायद्याने केलाच नाही, असे नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ प्रमाणे प्रत्येक मोटारसायकलला मागच्या प्रवाशासाठी धरायला दांडी, पाय ठेवायला जागा आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून निम्मे मागचे चाक झाकणारे संरक्षण हवे. हेच आपले साडीगार्ड. ते कारखान्यातूनच बसून येई, म्हणून पाळले गेले. हेल्मेट घरातून निघताना आठवणीने घ्यावे लागे. पदर वाचला, डोके उघडे राहिले.

२०२२ चा आदेश मुंबई पोलिसांचा असल्याने तो दहिसर नाक्यापाशी थांबत होता. पलीकडे मीरा-भाईंदरला वेगळे पोलीस आयुक्तालय आहे. कलम १२९ मात्र दोन्ही बाजूंना १९८९ पासून एकच आहे.