एटीआर पायलटचं ट्रेनिंग: सिम्युलेटरमध्ये नेमकं काय होतं?

भारतात कमर्शियल पायलट लायसन्ससाठी किमान २०० तास उड्डाण लागतं. पण लायसन्स मिळालं म्हणून लगेच एअरलाइनचं विमान चालवता येत नाही. त्यासाठी त्या विमानाचं टाइप रेटिंग करावं लागतं. माझं एटीआर ७२-६०० वर झालं. हे दोन टर्बोप्रॉप इंजिनांचं, छोट्या शहरांना जोडणारं विमान.

आधी ग्राउंड स्कूल: इंधन, वीज, हायड्रॉलिक्स आणि लेखी परीक्षा. मग फुल फ्लाइट सिम्युलेटर. आत हुबेहूब कॉकपिट, समोर धावपट्टीचं चित्र, आणि अख्खी केबिन यांत्रिक पायांवर हलते.

टेकऑफला इन्स्ट्रक्टरने डावं इंजिन बंद केलं. अशा वेळी विमान डावीकडे वळू लागतं, म्हणून लगेच उजवा रडर दाबायचा. बंद इंजिनाचा पंखा एटीपीसीएस ही यंत्रणा आपोआप फेदर करते, म्हणजे पाती अशी वळवते की वाऱ्याला कमीत कमी अडथळा होतो. मी मात्र रडर विसरून स्विच शोधत बसलो. सेशन रिपीट! पुन्हा चुकलो असतो तर नोकरीच धोक्यात होती.

चेकलिस्ट मोबाईलवर वाचून पाठ होती, पण हातांना सवय नव्हती. मग कॉकपिटचं पोस्टर भिंतीवर लावलं, स्वतःचे कॉलआउट मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकले आणि सिम पार्टनरसोबत रोज रात्री सराव केला. पुढच्या वेळी पाय आपोआप रडरवर गेला.

यानंतर ट्रेनिंग कॅप्टनसोबत, खरे प्रवासी घेऊन लाइन ट्रेनिंग होतं. तयारी करणाऱ्यांना एकच सांगतो: ॲपवर वाचा, पण सराव हातापायांनी करा.