आगोट

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांचा समुद्राशी संबंध काय, असा प्रश्न नकाशा पुढे ठेवून कोणी विचारला, तर तो अगदीच अप्रस्तुत म्हणता येणार नाही. कारण माहुलीच्या सुळक्यांपासून नाणेघाटाच्या पायथ्यापर्यंत पसरलेल्या या डोंगराळ मुलखात ना बंदर आहे, ना पुळण, आणि येथल्या कित्येक वृद्धांनी समुद्र पाहिला तो कोर्टकचेरीच्या किंवा इस्पितळाच्या निमित्ताने मुंबईस जाणे झाले तेव्हाच. तथापि वैशाख सरत आला, की याच तालुक्यांतल्या बाजारांत, मुरबाडास, सरळगावास, किन्हवलीस, सुक्या बोंबलांच्या जुड्या आणि सुकटीच्या पाट्या ओळीने मांडल्या जातात, आणि ज्या घरात कांदे, मिरच्या, मीठ व सरपण यांची तरतूद झाली त्या घरची बाई पावसाळ्याच्या बेगमीतली ही शेवटची व जोखमीची खरेदी करावयास बाहेर पडते. या साऱ्या बेगमीला इकडे आगोट म्हणतात. तिचा इतिहास लिहू गेल्यास तो डोंगरात सुरू होत नाही. पंधरावीस कोसांवरच्या किनाऱ्यावर, वाऱ्याने अडवून धरलेल्या होड्यांपाशी सुरू होतो.

उत्तर कोकणातील कोळ्याची होडी ही पूर्वी एकट्यादुकट्याची मालमत्ता नसे, ती कुटुंबाची असे. बाप तांडेल, मुलगे व पुतणे खलाशी, आणि किनाऱ्यावर आई, सुना व लेकी, ज्यांच्याकडे आलेल्या मासळीचे मोल ठरविण्याचा, ती ओली विकावी की सुकवावी याचा निर्णय करण्याचा, आणि आलेला पैसा कनवटीला लावण्याचा पूर्ण अधिकार असे. वसई, अर्नाळा, उत्तन या बाजूस डोल नावाच्या जाळ्याची मासेमारी मुख्य. समुद्राच्या तळात खोल ठोकलेल्या लाकडी खुंटांना हे लांबलचक, शेपटीकडे निमुळते होत गेलेले जाळे बांधून ठेवावयाचे. भरतीओहोटीचा ओघ त्याच्या तोंडातून आत शिरतो आणि बोंबील, जवळा, करंदी, मांदेली ही ओघाबरोबर वाहणारी मासळी शेपटीत साचत जाते. ओघ पालटण्याच्या संधीला पाणी थोडा वेळ स्थिर होते, तेवढ्या अवधीत होडीने खुंटापाशी पोचून जाळे उपसले पाहिजे. तो अवधी चुकला की ओघ उलटतो आणि साऱ्या खेपेवर पाणी पडते. म्हणजे धंद्याची वेळ चंद्राने ठरवून दिलेली; पण त्या वेळेला त्या ठिकाणी हजर राहता येईल की नाही, हे सर्वस्वी वाऱ्याच्या हाती.

आणि वारा तर दिवसातून दोनदा मत बदलणारा. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुटतो, त्यावर शीड उभारून होड्या बाहेर पडत. दुपार कलली की खारा वारा समुद्रावरून आत येऊ लागतो, तो त्यांना घरी आणी. हिवाळ्याच्या दिवसांत हा क्रम बहुधा सुरळीत चाले. परंतु फाल्गुनापासून वायव्येचा वारा जोर धरू लागतो, लाटांचे माथे फुटून पांढरे दिसू लागतात, आणि मग पहाटे निघालेल्या होडीस खुंटापाशी स्थिर उभे राहणेही दुरापास्त होते. अशा वेळी तांडेलापुढे दोनच मार्ग उरत: शीड उतरवून एखाद्या खाडीच्या मुखाशी नांगर टाकून बसावे, किंवा जाळ्याचा मोह सोडून रिकामी होडी घराकडे वळवावी. मागे जाळे तसेच पाण्यात राही. ओहोटीमागून भरती येई, साचलेली मासळी चेपून कुजे, आणि भाराने सूत फाटले तर वर्षाची कमाई जाळे सांधण्यात जाई. राज्यकर्त्यांच्या दफ्तरांत तहनामे सापडतात, जकातीचे आकडे सापडतात, कोणत्या किल्ल्याला किती शिबंदी होती तेही सापडते; परंतु वाऱ्यामुळे फुकट गेलेल्या अशा दिवसांची नोंद कोणी ठेवल्याचे आढळत नाही, आणि किनाऱ्याच्या अर्थव्यवहाराचा निदान चौथा हिस्सा या नोंद न झालेल्या दिवसांनीच घडविला असावा असे मला वाटते.

मृग लागला की हा प्रश्नच मिटे. नैर्ऋत्येचा वारा सुरू झाला, की शिडाच्या होड्यांना समुद्र बंद. त्या ओढून वर काढायच्या, शाकारायच्या, आणि नारळी पौर्णिमेला दर्यास नारळ अर्पण होईपर्यंत तशाच ठेवायच्या. या दीर्घ बंदीला तोंड देण्यासाठी जी विद्या कोळणींनी सिद्ध केली ती मासळी सुकविण्याची. बोंबलाच्या अंगात सुमारे नव्वद टक्के पाणीच असते. तो ओला असता अर्ध्या दिवसात नासतो, आणि नेमका तोच मासा सुकविला असता वर्षभर टिकतो. बांबूंच्या उंच वलांडी उभारून, त्यांना दोऱ्या ताणून, दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते दोरीवर टांगतात. मीठ लावीत नाहीत, लागते ते फक्त ऊन आणि कोरडा वारा. जवळा शेणाने सारवलेल्या खळ्यांवर पसरतात. येथे सृष्टीचा एक विलक्षण व्यवहार दिसतो. हिवाळ्यातील ज्या उत्तरेच्या वाऱ्याने आदल्या दिवशी नवऱ्याची होडी खाडीत कोंडून ठेवली, तोच वारा वलांडीवरचा बायकोचा माल तीनचार दिवसांत खडखडीत वाळवून देतो. आणि ज्या दमट पश्चिमवाऱ्याने होडी सुखरूप घरी आली, त्याच वाऱ्याने माल मऊ पडतो, त्याला वास सुटतो, त्यात अळी होते. एकाच घरातील दोन माणसे एकाच वाऱ्याविषयी दोन परस्परविरुद्ध इच्छा करीत असत, आणि दोघांचेही म्हणणे खरे असे.

हा सुका माल देशावर जाण्याच्या वाटा फार जुन्या आहेत. वसईच्या खाडीतून उल्हास नदीने वर आले की भरतीच्या पाण्यावर पडाव कल्याणपर्यंत पोचत. तेथून एक वाट मुरबाडवरून वैशाखरे गाठी आणि नाणेघाटाने जुन्नरास चढे, दुसरी शहापूर, खर्डीवरून थळघाटाकडे जाई. नाणेघाटातील सातवाहनांचा लेख व राणी नागनिकेचे नाव सुशिक्षितांस ठाऊक असते, आणि घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीच्या नाण्यांसाठी होता ही परंपरागत समजूत प्रत्येक सहलवाला सांगतो. परंतु त्या वाटेने केवळ यवनांचे मद्य आणि राजांचे सुवर्णच वर गेले असे समजणे ही इतिहासाची पुस्तके फार वाचल्याची खूण आहे. लमाणांचे बैलतांडे वर नेत असत ते प्रामुख्याने मीठ, आणि मिठाच्या गोण्यांच्या शेजारी सुकी मासळी. वाटेवरच्या गावांत तिचा व्यवहार नाण्याने क्वचितच होई. भाताच्या मळणीनंतर कोळीण टोपली घेऊन खळ्यापाशी उभी राही आणि पायलीने भात मापून घेऊन त्याच्या मोबदल्यात सुकट देई. शेतकऱ्याजवळ रोकड नसे व कोळणीजवळ शेत नसे, त्यामुळे दोघांचीही या व्यवहाराविषयी तक्रार नसे. तक्रार असेच तर ती मापाविषयी.

किनाऱ्याकडून डोंगराकडे जसे मासे येत, तशी डोंगराकडून किनाऱ्याकडे होडी जाई, असे म्हटले तर ती केवळ अलंकारिक भाषा ठरणार नाही. माहुलीच्या आसमंतातील आणि काळू, शाई, भातसा या नद्यांच्या खोऱ्यांतील साग व ऐन गाड्यांवर लादून खाडीकाठच्या वखारींत पडे, आणि तेथून तो नौका बांधणाऱ्यांच्या हाती जाई. डोलकाठी, खुंट, वलांडीचे बांबू, सारे वनातले. शिवाजीमहाराजांनी १६५७ साली कल्याण व भिवंडी घेतल्यावर आरमाराची पहिली जहाजे कल्याणच्या खाडीत बांधावयास घेतली, याचे श्रेय आपण त्यांच्या दूरदृष्टीला देतो व ते यथार्थच आहे. पण खाडीच्या पाठीशी अशी अरण्ये नसती, तर नुसत्या दूरदृष्टीने तराफासुद्धा तयार झाला नसता. ज्या माहुलीवर १६३६ साली शहाजीराजांना मोगल व आदिलशाही फौजांपुढे शरण जावे लागले, तिच्याच छायेतील वनसंपत्तीचे मोल त्यांच्या पुत्राने ओळखले, ही घटना इतिहासाच्या अभ्यासकाने विसरू नये.

इंग्रजी अमलात ही देवघेव दोन बाजूंनी विसकटली. १८५५ साली लोहमार्ग वासिंदपर्यंत आला, १८६१ साली कसाऱ्यापर्यंत गेला, आणि शहापूर तालुक्याच्या बाजारास सुका माल वाघिणीतून मिळू लागला. मुरबाड रेल्वेच्या वाटेवर आलेच नाही, आणि तेथे बैलगाडीचे राज्य पुढे कितीतरी काळ टिकले. दुसरीकडे १८७८ च्या जंगल कायद्याने राने राखीव झाली, लाकूड नेण्यास पास लागू लागला, नाक्यानाक्यावर शिपाई बसले. रयतेची कुरकुर इतकी वाढली की ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील जंगलविषयक गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी सरकारला १८८५ मध्ये मंडळ नेमावे लागले. कोळ्यास होडीचे लाकूड महाग झाले आणि ठाकर, कातकऱ्यांस कुऱ्हाड हाती घेणे गुन्ह्याचे झाले, हे एकाच हुकुमाचे दोन परिणाम होत.

वाऱ्याचे मोठे उत्पात मात्र या डोंगराळ मुलखाने दुरूनच ऐकले. शहापूर तालुक्यातून वाहणाऱ्या वैतरणेचे नाव मिरविणारी आगबोट, जिला लोक ‘विजळी’ म्हणत, ८ नोव्हेंबर १८८८ च्या वादळात सौराष्ट्राच्या किनाऱ्यानजीक उतारूंसह नाहीशी झाली. १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ बोट रेवसच्या वाटेवर तुफानात उलटली, शेकडो माणसे बुडाली, आणि जी वाचली त्यांतली बरीचशी कोळ्यांच्या मचव्यांनी वाचविली. आषाढातल्या त्या वाऱ्यात सरकारी परवान्याची आगबोट निघाली होती, आणि शिडाच्या होड्यांना मात्र समुद्र बंद असण्याचा तो हंगाम होता; यावरून कोणी काय अनुमान काढावयाचे ते काढावे.

आषाढात इकडे डोंगरात निराळीच मासेमारी चालते. पहिल्या मोठ्या पावसाने ओढे भरले की मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध चढत भातखाचरांत शिरतात. त्यास वलगण म्हणतात, आणि त्या दोनतीन रात्री मुरबाड, शहापूरकडचे आबालवृद्ध बत्त्या घेऊन बांधाबांधावर असतात. मळे, मरळ, वाम, खेकडे, जे हाती लागेल ते. पण वलगण चार दिवसांची. लावणीच्या भर पावसात चिखलातून घरी आलेल्या माणसाच्या भाकरीवर पडते ती आगोटीतली सुकटच, तव्यावर भाजून, कांदा मिरची घालून. श्रावण पाळणारी घरे दीप अमावास्येला मडके रिकामे करतात; न पाळणाऱ्यांचे मडके नारळी पौर्णिमेपर्यंत पुरवावे लागते, आणि ते पुरविणे हीच सासूची परीक्षा असे.

आता होड्यांवर यंत्रे आली आहेत, वाऱ्याच्या परवानगीवाचून त्या खुंटापर्यंत जातात. समुद्र बंद ठेवण्याचे काम वाऱ्याकडून सरकारकडे आले असून १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस यांत्रिक मासेमारीस मनाई असते. नारळी पौर्णिमा लांबली असता पहिल्या ऑगस्टलाच नौका लोटाव्या की पौर्णिमेची वाट पाहावी, यावर कोळीवाड्यांत दरसाल वाद होतो. वलांडी मात्र जशी होती तशीच उघड्यावर आहे. मे २०२१ मध्ये, नेमक्या आगोटीच्या तोंडावर, तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा यंत्राच्या नौका बंदरात बांधून ठेवता आल्या. दोरीवर टांगलेला बोंबील कोठे बांधून ठेवणार?

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, वसई, अर्नाळा, सातपाटी तिकडे गेली, आणि ठाणे जिल्ह्याच्या वाट्याला उत्तनसारखा थोडका समुद्र राहिला. आगोटीच्या बाजाराने ही वाटणी मनावर घेतलेली दिसत नाही. मुरबाड तालुक्यातील धसई गाव २०१६ च्या डिसेंबरात राज्यातले पहिले रोकडरहित गाव म्हणून वर्तमानपत्रांतून गाजले. ज्या मुलखात सुकट भातावर मिळत होती, त्याला रोकड नसण्याचे एवढे अप्रूप का वाटावे, असे तेव्हा माझ्या मनात आले. बाजारातले भांडण मात्र जुनेच आहे. “यंदा वाराच लय सुटला ताई, माल आलाय कुठं?” असे कोळीण म्हणते, किन्हवलीची बाई, जिने तो वारा पाहिला नाही आणि समुद्रही पाहिला नाही, ती सबब ऐकून घेते, जुडीतला एक बोंबील ओढून मोडून पाहते, तो कडकन मोडला तर वारा चांगलाच होता असे कोळणीला सुनावते, आणि भाव गेल्या वर्षाचा मागते.